कोंड्याचा मांडा : तंतुसमृद्ध बिस्किटे आणि स्थूलतेचा प्रश्न

१

फळांचा रस काढल्यावर उरणारा चोथा, आमरसाच्या कारखान्यात मागे राहणारी साल, गव्हाचा मैदा करताना वेगळा पडणारा कोंडा, हे सर्व पदार्थ वाळवून दळावेत, त्यांचे चूर्ण मैद्यात मिसळावे, त्या मिश्रणाची बिस्किटे, केक किंवा पाव करावेत आणि त्यायोगे लोकांच्या आहारातील तंतूंची उणीव भरून काढून स्थूलतेला आळा घालावा, ही कल्पना आता अन्नविज्ञानाच्या अभ्यासकांना नवी राहिलेली नाही. गेल्या वीसपंचवीस वर्षांत या विषयावर इतके लेखन झाले आहे की, त्याला स्वतःचा एक साचाच प्राप्त झाला आहे. प्रास्ताविकात स्थूलतेच्या वाढत्या प्रमाणाचा उल्लेख येतो. त्यानंतर अमुक एका फळाच्या सालीत वा चोथ्यात तंतू किती आहेत याचे कोष्टक येते. पुढे पिठाचे पाणी शोषण्याचे प्रमाण, बिस्किटाची जाडी व कठीणपणा, केकचे आकारमान यांची मापे येतात. मग दहावीस परीक्षकांनी चव घेऊन दिलेले गुण येतात, आणि उपसंहारात असा पदार्थ ‘स्थूलतेच्या प्रतिबंधास उपयुक्त’ असल्याचे सांगून लेखाची समाप्ती होते.

या साच्यातील पहिले आणि शेवटचे वाक्य यांच्यामध्ये जे येते, त्याचा त्या दोन वाक्यांशी संबंध काय, हा प्रश्न विचारणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे. प्रश्न केवळ तर्कशास्त्राचा नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशातील २४.० टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष यांचा शरीरभारांक २५ किंवा त्याहून अधिक होता. इतक्या लोकांच्या दुखण्यावर उपाय म्हणून जी वस्तू पुढे केली जाते, तिची परीक्षा जितकी कठोर व्हावी तितकी थोडीच. शिवाय आपल्याकडील अनेक पदव्युत्तर प्रबंधिका याच विषयावर लिहिल्या जात असल्यामुळे, साचा सदोष असेल तर तो पिढ्यानुपिढ्या उतरत जाण्याचा धोकाही आहे.

२

तंतू आणि स्थूलता यांचा संबंध प्रथम कोणत्या स्वरूपात मांडला गेला, हे पाहणे उद्बोधक आहे. ‘आहारतंतू’ या अर्थाचा शब्दप्रयोग हिप्सली यांनी १९५३ साली केला. त्यानंतर डेनिस बर्किट आणि ह्यू ट्रॉवेल या आफ्रिकेत दीर्घकाळ काम केलेल्या वैद्यांनी, पाश्चात्त्य देशांतील अनेक रोगांचा संबंध आहारातील तंतूंच्या अभावाशी जोडला. ट्रॉवेल यांची आहारतंतूची व्याख्या १९७२ ची आहे. परंतु स्थूलतेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा लेख केनेथ हीटन यांचा होय. तो १९७३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. अन्नातील तंतू हा ऊर्जाग्रहणाच्या मार्गातील एक अडथळा आहे, असे हीटन यांचे प्रतिपादन होते. हा अडथळा तीन प्रकारे काम करतो : तंतू पोटात जागा व्यापतो व तितक्या प्रमाणात ऊर्जायुक्त घटकांना बाजूला सारतो, तो चावावा लागत असल्यामुळे खाण्याची गती मंदावते व तृप्ती लवकर येते, आणि आतड्यात तो अन्नांशांच्या शोषणाची पूर्णता किंचित कमी करतो.

या तीन क्रियांपैकी पहिल्या दोन क्रिया तंतूच्या वजनावर नव्हे, तर त्याच्या रचनेवर अवलंबून आहेत, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. सफरचंदातील तंतू म्हणजे केवळ सुमारे दोन टक्के काष्ठमय द्रव्य नव्हे. तो पेशींच्या भिंतींचा सांगाडा आहे, आणि त्या सांगाड्यात पाणी व साखर कोंडलेली आहेत. हीटन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७७ साली नेमका हाच मुद्दा प्रयोगाने तपासला. सारखीच शर्करा देणारी अखंड सफरचंदे, त्यांचा कुस्करलेला गर आणि त्यांचा तंतुविरहित रस असे तीन नमुने त्यांनी माणसांना खावयास दिले. अखंड फळापेक्षा रस अकरा पट आणि गरापेक्षा चौपट त्वरेने संपला. रसाने तृप्ती सर्वांत कमी झाली, अखंड फळाने सर्वांत अधिक, आणि गराचे स्थान या दोहोंच्या मध्ये राहिले. गरामध्ये तंतूंचे प्रमाण अखंड फळाइतकेच होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. तंतू कमी झाला नव्हता, त्याची घडण मोडली होती, आणि तेवढ्यानेच परिणाम ओसरला.

वाळवणे, दळणे व चाळणे या क्रियांतून जे चूर्ण तयार होते, ते या दृष्टीने कुस्करलेल्या गराच्याही पलीकडचे आहे. त्यात पाणी नाही, घडण नाही, चावण्याचे काम नाही. मूळ सिद्धांत अडथळ्याचा होता. आपल्या बिस्किटात अडथळा काढून टाकून केवळ त्याचे वजन ठेवले जाते, आणि त्या वजनाला अडथळ्याचे श्रेय दिले जाते.

३

आता या परंपरेतील दोन प्रातिनिधिक व चांगल्या लेखांकडे वळू. दोन्ही लेख म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांचे आहेत. पुढील लेखनात त्यांचा उल्लेख वारंवार येत असल्यामुळे त्यांची निवड केली आहे.

पहिला लेख सुधा, बास्करन आणि लीलावती यांचा, २००७ सालचा. सफरचंदाच्या चोथ्याचे चूर्ण मैद्यात तीस टक्क्यांपर्यंत मिसळून त्याचा कणकेवर व केकवर काय परिणाम होतो, हे त्यांनी पाहिले. चोथ्यात एकूण आहारतंतू ५१.१ टक्के आढळले. चोथा वाढत गेला तसे पिठाचे जलशोषण ६०.१ वरून ७०.६ टक्क्यांपर्यंत चढले आणि केकचे आकारमान ८५० घनसेंटिमीटरवरून ६२० पर्यंत उतरले. पंचवीस टक्के चोथा घातलेल्या केकमध्ये तंतूंचे प्रमाण १४.२ टक्के होते. हे निरीक्षण कारणांसह समजण्याजोगे आहे. तंतू पाणी ओढून घेतो, त्यामुळे ग्लुटेनला पुरेसे पाणी मिळत नाही, मिश्रणाची घनता बदलते आणि हवा धरून ठेवण्याची त्याची शक्ती घटते. भट्टीवर काम करणाऱ्या कारागिराला या माहितीचा प्रत्यक्ष उपयोग आहे.

दुसरा लेख अजिला, लीलावती आणि प्रसाद राव यांचा, २००८ सालचा. यात आंब्याच्या सालीचे चूर्ण मऊ कणकेच्या बिस्किटांत घातले होते. सालीच्या चूर्णात एकूण तंतू ५१.२ टक्के होते, आणि ते पिठाच्या ५ ते २० टक्के या प्रमाणात मिसळले गेले. बिस्किटातील तंतू ६.५ वरून २०.७ टक्क्यांपर्यंत वाढल्याची नोंद असून दहा टक्के चूर्णापर्यंत आंब्याच्या स्वादाची, खाण्यास योग्य अशी बिस्किटे मिळाली, असा निष्कर्ष आहे. या लेखाचे शीर्षक तंतूंची व प्रतिऑक्सिडीकारक गुणांची वाढ एवढेच सांगते. लेखकांनी जे मोजले तेच मथळ्यात घातले, हा संयम प्रशंसनीय आहे.

तथापि या दुसऱ्या लेखातील एका आकड्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. पिठाच्या वीस टक्के चूर्ण घातले आणि चूर्णात निम्मे तंतू असले, तर केवळ पिठाचा विचार केला तरी त्यातून सुमारे दहा टक्के तंतू येतील. बिस्किटात साखर व स्निग्ध पदार्थही असल्यामुळे प्रत्यक्ष वाढ याहून कमी भरावयास हवी. नोंदलेली वाढ चौदा टक्क्यांहून अधिक आहे. भाजताना पाचकरसांना दाद न देणारे स्टार्च आणि तपकिरी संयुगे निर्माण होतात व काही प्रमाणात ती अवशेषात मोजली जातात, हे त्याचे एक कारण असू शकेल. कारण कोणतेही असो, मोजमापात आलेला ‘तंतू’ आणि घातलेला तंतू या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, एवढे यावरून दिसते. पुढील लेखकांनी हा आकडा उद्धृत करताना ही साधी बेरीज करून पाहावयास हवी होती.

या दोन लेखांत माणसाचे वजन कोठेही मोजलेले नाही. भूक मोजलेली नाही. पुढच्या जेवणात किती अन्न घेतले गेले, हेही मोजलेले नाही. ते मोजणे हा त्यांचा उद्देशही नव्हता. दोष त्यांच्याकडे जात नाही. तो जातो त्यांच्या आधारावर ‘म्हणून हे बिस्किट स्थूलतेवर गुणकारी’ असे लिहिणाऱ्या अनुगामी लेखनाकडे. पीठ, कणीक आणि बिस्किट यांच्यावर केलेल्या प्रयोगांतून माणसाच्या शरीराविषयी निष्कर्ष काढणे, हे या लेखनाचे मूळ वैगुण्य होय.

चवीच्या परीक्षेसंबंधीही असेच म्हणावे लागते. या लेखांत बहुधा नऊ गुणांची आवडनिवड-श्रेणी वापरली जाते. ही श्रेणी अमेरिकन सैन्याच्या अन्नविषयक संशोधनातून १९५० च्या सुमारास विकसित झाली. एखादा पदार्थ लोकांना कितपत रुचतो, हे पाहण्याचे ते उत्तम साधन आहे. परंतु एक तुकडा चाखून दिलेले गुण, तो पदार्थ महिनोन्‌महिने खाल्ला जाईल काय, किंवा एका बैठकीत किती खाल्ला जाईल, याविषयी काहीही सांगत नाहीत. स्थूलतेच्या संदर्भात तर येथे एक विसंगतीच उत्पन्न होते. बिस्किट जितके रुचकर, तितके ते अधिक खाल्ले जाण्याचा संभव. लेखाच्या एका भागात जे यश म्हणून नोंदले जाते, तेच त्याच्या उपसंहाराच्या मुळावर येते.

४

सोपी आकडेमोड केली तरी या दाव्याची मर्यादा स्पष्ट होईल. उदाहरणादाखल मैदा १०० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम व स्निग्ध पदार्थ ३० ग्रॅम असे मिश्रण घेऊ. मैद्याचे सुमारे ३५०, साखरेचे १६० आणि स्निग्धाचे २७० असे एकूण ७८० उष्मांक होतात. भाजून ओलावा निघून गेल्यावर सुमारे १६० ग्रॅम बिस्किटे हाती येतात. म्हणजे १०० ग्रॅममध्ये सुमारे ४८८ उष्मांक. आता १० ग्रॅम मैदा काढून त्याच्या जागी ५१ टक्के तंतू असलेले १० ग्रॅम चूर्ण घातले. मैद्याचे ३५ उष्मांक गेले. चूर्णातील सुमारे ५ ग्रॅम तंतूंचे, ग्रॅममागे २ या हिशेबाने, १० आणि उरलेल्या पचनीय भागाचे सुमारे १६, असे २६ उष्मांक आले. संपूर्ण मिश्रणात बचत झाली नऊ उष्मांकांची. १०० ग्रॅम बिस्किटांत आता ४८८ ऐवजी ४८२ उष्मांक राहिले. दहा ग्रॅमचे एक अशी चार बिस्किटे खाणाऱ्याची बचत दोन उष्मांकांच्या आसपास आहे.

ही बचत नगण्य का, हे उघड आहे. बिस्किटाची ऊर्जा मुख्यतः साखर आणि स्निग्ध यांतून येते, व त्यांना आपण हातही लावलेला नाही. बिस्किटात पाणी जवळजवळ नसते, त्यामुळे त्याची ऊर्जाघनता मुळातच फार मोठी असते. चूर्ण घातल्याने बिस्किट कोरडे व कठीण होऊ लागले तर ते मऊ करण्यासाठी स्निग्धाचे प्रमाण वाढविण्याचा मोह होतो. तसे एक ग्रॅमही वाढविले, तर वरील संपूर्ण बचत तेथेच संपते.

आता तंतूंच्या बाजूने हिशेब करू. तंतूंच्या समर्थनार्थ सर्वाधिक उद्धृत होणारा आढावा २००१ सालचा, हॉवर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. रोजच्या आहारात १४ ग्रॅम तंतू वाढविल्यास ऊर्जाग्रहण सुमारे १० टक्क्यांनी घटते व सरासरी ३.८ महिन्यांत १.९ किलोग्रॅम वजन उतरते, असे त्यांना आढळले. आपल्या बिस्किटात १०० ग्रॅममागे तंतूंची वाढ सुमारे ३ ग्रॅम आहे. म्हणजे १४ ग्रॅम जादा तंतू मिळविण्यासाठी जवळजवळ ४७० ग्रॅम बिस्किटे खावी लागतील, आणि त्यांबरोबर सुमारे २,२५० उष्मांक पोटात जातील. आंब्याच्या सालीच्या बिस्किटाचा नोंदलेला सर्वोच्च आकडा जसाच्या तसा स्वीकारला, तरी १४ ग्रॅमसाठी सुमारे १०० ग्रॅम बिस्किटे व पावणेपाचशे उष्मांक लागतात. आणि तो आकडा वीस टक्के चूर्णाचा आहे, तर रुचीची मर्यादा दहा टक्क्यांचीच होती. अशा वेळी हॉवर्थ यांच्या आढाव्याचा आधार घेणे, म्हणजे औषधाची मात्रा न पाहता औषधाचे नाव सांगण्यासारखे आहे.

या हिशेबाला कायद्याच्या भाषेचीही एक बाजू आहे. आपल्या देशातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ सालच्या नियमांनुसार १०० ग्रॅम घन पदार्थात ३ ग्रॅम तंतू असल्यास तो ‘तंतूंचा स्रोत’ आणि ६ ग्रॅम असल्यास ‘तंतुसमृद्ध’ म्हणता येतो. हे नियम तंतूंबद्दल आहेत. त्यांत शेजारी साखर किती आणि स्निग्ध किती, हा प्रश्न नाही. ४८० उष्मांकांचे बिस्किट ‘तंतुसमृद्ध’ हे विशेषण पूर्णपणे न्याय्य रीतीने धारण करू शकते. ग्राहक मात्र त्या विशेषणाचा अर्थ ‘वजन उतरविणारे’ असा लावतो. तसा अर्थ लावण्यास संशोधकांच्या उपसंहारातील वाक्य साहाय्य करीत असेल, तर ती जबाबदारी संशोधकांना टाळता येणार नाही.

५

प्रत्यक्ष माणसांवर झालेले प्रयोग काय सांगतात? क्लार्क आणि स्लेविन यांच्या २०१३ सालच्या आढाव्यात ४४ लेखांतील १०७ तंतुप्रयोग एकत्र तपासले गेले. त्यांपैकी केवळ ३९ टक्के प्रयोगांत भूक कमी झाल्याची भावना नोंदली गेली, आणि फक्त २२ टक्के प्रयोगांत अन्न प्रत्यक्षात कमी खाल्ले गेले. तंतू म्हणजे एकजिनसी द्रव्य नव्हे, हाच याचा अर्थ. ओट व बार्लीतील बीटा-ग्लुकानसारखे चिकट तंतू आणि गव्हाच्या कोंड्यासारखे अविद्राव्य तंतू यांचे शरीरातील वर्तन भिन्न असते. शिवाय पावाच्या कणकेत गव्हाच्या पिठातील विकरे बीटा-ग्लुकानच्या साखळ्या तोडतात, त्यामुळे तंतूंचा आकडा तोच राहूनही त्यांचा चिकटपणा घटतो. कोष्टकातील ‘एकूण आहारतंतू’ हा एकच स्तंभ या सर्व भेदांवर पांघरूण घालतो.

फ्लड-ओबागी आणि बार्बरा रोल्स यांच्या २००९ सालच्या प्रयोगात ५८ प्रौढांना जेवणापूर्वी निरनिराळ्या वेळी अखंड सफरचंद, त्याचा शिजवून केलेला गर, साधा रस आणि तंतू मिसळलेला रस देण्यात आला. अखंड सफरचंदामुळे एकूण ऊर्जाग्रहण १५ टक्क्यांनी घटले. तंतू मिसळलेला रस मात्र साध्या रसाहून अधिक तृप्तिदायक ठरला नाही. वेगळा काढलेला तंतू परत मिसळल्याने फळ परत येत नाही, हे येथे स्वच्छ दिसते.

केव्हिन हॉल व त्यांचे सहकारी यांचा २०१९ सालचा प्रयोग तर या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचावा असा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वीस प्रौढांना प्रत्येकी दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेला आहार आणि दोन आठवडे अल्पप्रक्रिया केलेला आहार देण्यात आला. समोर ठेवलेल्या दोन्ही आहारांत ऊर्जा, साखर, स्निग्ध, मीठ आणि तंतू यांचे प्रमाण सारखे होते. हवे तितके खाण्याची मोकळीक होती. अतिप्रक्रिया केलेल्या आहाराच्या काळात लोकांनी रोज सुमारे ५०० उष्मांक अधिक घेतले व त्यांचे वजन सुमारे ०.९ किलोग्रॅमने वाढले. दुसऱ्या काळात ते तितकेच उतरले. अतिप्रक्रिया केलेल्या आहारातील तंतूंची उणीव कशी भरून काढली होती? पेयांत तंतूंचे चूर्ण विरघळवून. म्हणजे कोष्टकात तंतू समान झाले, आणि तरीही पाचशे उष्मांकांचा फरक राहिला. तंतूंचे चूर्ण मिसळून अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाचा दोष झाकता येत नाही, असे यावरून म्हणता येईल. अर्थात हा प्रयोग त्यासाठी रचलेला नव्हता व त्याचा कालावधीही लहान होता, हे विसरता कामा नये.

परंतु आपल्या प्रश्नाशी सर्वांत जवळचा प्रयोग ब्राझीलमधील आहे. रिओ द जानेरो येथील ओलिव्हेरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४९ स्त्रियांना दहा आठवडे त्यांच्या नेहमीच्या आहाराबरोबर रोज तीन सफरचंदे, किंवा तीन नासपती, किंवा ओटची तीन बिस्किटे खावयास सांगितली. हा लेख २००८ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही गटांत तंतू सुमारे ६ ग्रॅम आणि ऊर्जा सुमारे २०० उष्मांक, म्हणजे जवळजवळ सारखी होती. भेद होता तो ऊर्जाघनतेत. फळांची ग्रॅममागे सुमारे ०.६३ उष्मांक, बिस्किटांची ३.७. दहा आठवड्यांनंतर सफरचंदाच्या गटाचे वजन सरासरी ०.९३ आणि नासपतीच्या गटाचे ०.८४ किलोग्रॅमने उतरले. बिस्किटांच्या गटाचे वजन होते तेथेच राहिले. नमुना लहान आहे, आणि ओट हा उपपदार्थ नव्हे, या मर्यादा मान्य केल्या पाहिजेत. तरीही तंतू समान, ऊर्जा समान आणि फक्त वाहन भिन्न, अशी रचना असलेला प्रयोग बिस्किटाच्या विरुद्ध साक्ष देतो. बिस्किटाची बाजू मांडणाऱ्याने प्रथम या साक्षीला उत्तर दिले पाहिजे.

६

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात, आणि तिन्ही विचारार्ह आहेत.

पहिला आक्षेप असा की, तंतूंचे लाभ केवळ वजनापुरते नाहीत. हे खरेच आहे. रेनल्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली १८५ दीर्घकालीन पाहण्या आणि ५८ चिकित्सालयीन प्रयोग एकत्र तपासून, रोज २५ ते २९ ग्रॅम तंतू घेणाऱ्यांत हृद्रोग, मधुमेह व आतड्याचा कर्करोग यांचे प्रमाण कमी असल्याचे दाखविले आहे. परंतु त्या पुराव्याचा मोठा भाग अख्खे धान्य, डाळी, भाज्या व फळे खाणाऱ्यांचा आहे. त्यातून निघणारा उपदेश तेच पदार्थ खाण्याचा होय. बिस्किटाला तो आपोआप लागू होत नाही. बद्धकोष्ठावर कोंड्याचा उपयोग सर्वमान्य आहे. तेवढ्या कारणासाठी कोंड्याचे बिस्किट करावयाचे असेल तर ते तसे सांगून करावे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे : लोक बिस्किटे खाणारच, तर ती निदान बरी असावीत. हा युक्तिवाद बलवान आहे, पण तो एका गृहीतावर उभा आहे. नवे बिस्किट जुन्याच्या जागी खाल्ले जाईल, त्याच्या जोडीला नव्हे, आणि जितकी जुनी बिस्किटे खाल्ली जात होती तितकीच नवी खाल्ली जातील, हे ते गृहीत. ‘पथ्याचे आहे’ असे कळले की हात सैल सुटतो, हा घरोघरीचा अनुभव आहे. गृहीत खरे की खोटे, हे प्रयोगाने ठरविता येते. तो प्रयोग न करता गृहीतालाच निष्कर्ष म्हणणे योग्य नव्हे.

तिसरा आक्षेप उपपदार्थांच्या विनियोगाचा. नाशिकच्या मद्यनिर्मितीतील द्राक्षांचा चोथा, कोकणातील आमरसाच्या कारखान्यांतील साली व कोयी, नागपूर भागातील संत्र्यांच्या साली, गोव्यात फेणीसाठी रस काढल्यावर उरणारा काजूच्या बोंडांचा चोथा, हे सर्व वाया जाणे निःसंशय अनिष्ट आहे. पण चोथ्याची विल्हेवाट हा कारखान्याचा प्रश्न आहे आणि स्थूलता हा माणसाचा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याचे उत्तर म्हणून सादर केल्याने दोन्ही प्रश्नांची हानी होते. ओल्या चोथ्यात पाण्याचा अंश फार असतो, तो लवकर आंबतो, वाळविण्यास इंधन लागते, आणि फवारलेल्या कीटकनाशकांचा अंश सालीवरच अधिक राहण्याचा संभव असतो. या बाबींचा हिशेब न मांडता ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणणे हे अर्धेच काम झाले.

कोंड्याचा मांडा करणे ही आपल्या भाषेत गृहिणीच्या कौशल्याची खूण आहे. घरात काही नसताना आहे त्यात भागविण्याची ती रीत होती. आजची स्थिती उलट आहे. गव्हाच्या दाण्यातील कोंडा आपण आधी यंत्राने वेगळा करतो, मैद्यात साखर व तूप घालतो, आणि मग त्यात तोच कोंडा चिमटीने परत टाकून त्या वस्तूला आरोग्यदायक म्हणतो. भारतीय अन्नघटकांच्या २०१७ सालच्या कोष्टकांनुसार मैद्यात १०० ग्रॅममागे सुमारे पावणेतीन ग्रॅम तंतू असतात, तर गव्हाच्या कणकेत सुमारे ११.४, बाजरीत ११.५ आणि ज्वारीत १०.२ ग्रॅम. चार तंतुसमृद्ध बिस्किटांतून मिळणाऱ्या सव्वा ग्रॅम जादा तंतूंसाठी जो खटाटोप केला जातो, त्याच्या कितीतरी पट तंतू भाकरीच्या एका जेवणात कोणत्याही प्रक्रियेवाचून मिळतात, आणि त्यांबरोबर साखर व तूप येत नाही. सोबत डाळ आणि पालेभाजी असली तर प्रश्नच उरत नाही.

७

मग या विषयावर संशोधन करूच नये काय? तसा अभिप्राय नाही. उलट आतापर्यंत न झालेले संशोधन व्हावे, असाच आग्रह आहे. येथे काही सूचना कराव्याशा वाटतात.

बिस्किटावरील प्रबंधिकेत तंतूंच्या टक्केवारीशेजारी १०० ग्रॅममधील उष्मांक, एका वेळच्या भागातील उष्मांक आणि एका वेळच्या भागातील तंतू हे तीन आकडे अनिवार्य मानावेत. घातलेले तंतू आणि मोजलेले तंतू यांची बेरीज जुळते की नाही, हे दाखवावे. चूर्णाच्या कणांचा आकार सांगावा. विद्राव्य व अविद्राव्य तंतू वेगळे द्यावेत आणि विद्राव्य तंतूंचा चिकटपणा भाजल्यानंतर कितपत टिकतो, हे पाहावे. भुकेविषयी काही म्हणावयाचे असेल, तर कोणते बिस्किट कोणते हे खाणाऱ्यास कळू न देता पुढील जेवणातील अन्न तोलावे. वजनाविषयी काही म्हणावयाचे असेल, तर निदान बारा आठवड्यांचा प्रयोग करावा, आणि तुलनेसाठी साध्या बिस्किटाच्या गटाबरोबर अखंड फळाचा किंवा भाकरीचा एक गट ठेवावा. अशा गटावाचून तंतूचे श्रेय आणि बिस्किटाचा दोष वेगळे काढता येणार नाहीत.

उपपदार्थांसाठी वाहनही निराळे शोधता येईल. साखर व तूप न लागणाऱ्या, रोजच्या आहारातील पदार्थांत, म्हणजे पोळीच्या पिठात, पावात, थालीपीठाच्या भाजणीत, सालींचे वा चोथ्याचे चूर्ण कितपत सामावते, याचा अभ्यास बिस्किटाच्या मानाने फार थोडा झाला आहे. त्या पदार्थांत पाण्याचा अंश मोठा असल्यामुळे ऊर्जाघनता कमी राहते, आणि ते जेवणाचाच भाग असल्यामुळे जोडीला खाल्ले जाण्याचा धोकाही कमी. तेथे यश मिळाले तर ते स्थूलतेच्या प्रश्नाला खरोखर स्पर्श करील.

यातले काहीच करणे शक्य नसेल, तर एक गोष्ट प्रत्येकाच्या हाती आहे. ज्या लेखात केवळ पीठ, कणीक व बिस्किट यांची मापे आहेत, त्याने उपसंहारात पीठ, कणीक व बिस्किट यांविषयीच बोलावे. ‘स्थूलतेच्या प्रतिबंधास उपयुक्त’ हे शब्द गाळले तरी त्या लेखाचे मोल रतिभरही कमी होत नाही. ते शब्द राहिले, तर मात्र वजनाच्या चिंतेने दुकानात गेलेला कोणी तरी त्यांवर विसंबून बिस्किटांचा आणखी एक पुडा घरी नेतो.